चेहरा झाकलेला, गळा उघडा : गेऑर्ग ओट्स यांचं प्रकरण

लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओतून १९५८च्या सुमारास दोन संगीतपट बाहेर पडले. पहिला चायकोव्हस्कीच्या 'येवगेनी अनेगिन' या ऑपेरावरचा. त्यात नायिका तात्याना म्हणून दिसते अरियाद्ना शेंगेलाया, आणि गाते गालिना विश्नेव्हस्काया. नायक अनेगिनचा चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला यात वावगं काही वाटत नाही. दुसरा संगीतपट 'मिस्टर एक्स'. सर्कशीत जिवावर उदार होऊन कसरत करणाऱ्या, नाव-गाव लपवलेल्या माणसाची ही गोष्ट. त्यात गळा आणि चेहरा एकाच माणसाचे होते, आणि त्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती काळा मुखवटा होता.

तो माणूस गेऑर्ग ओट्स. एस्टोनियाची राजधानी टालिन इथल्या ऑपेराचा पहिल्या फळीचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या-खालच्या पट्टीचा पुरुष गायक. रंगमंचावर 'अनेगिन' गाण्यासाठी त्यांना १९५०मध्येच स्टालिन पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे ज्याने अनेगिन गाजवला, तो लेनफिल्मच्या 'अनेगिन'मध्ये नव्हता. तो शेजारच्या चित्रपटात सर्कसवाला झाला होता, आणि त्या सर्कसवाल्यानेच त्याला रशियाच्या पार पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकपर्यंत पोचवलं.

आधी आकडे समोर ठेवतो. १९५९च्या शिरगणतीत सोव्हिएत संघाची लोकसंख्या सुमारे २१ कोटी होती. एस्टोनियाची जेमतेम १२ लाख, आणि त्यातले एस्टोनियन भाषक सुमारे ९ लाख. एवढ्याशा भाषेतला गायकनट एवढ्या मोठ्या भाषेच्या पडद्यावर गेला की त्याचं काय होतं? तो तिकडचाच होऊन जातो का? आणि मागे राहिलेली त्याची माणसं त्याला आपला म्हणतात का? ओट्स यांच्या बाबतीत या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नाही. म्हणूनच हे प्रकरण मला तपशिलात मांडावंसं वाटलं.

पोहता येत होतं म्हणून

२१ मार्च १९२० रोजी पेत्रोग्रादमध्ये, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडमध्ये, त्यांचा जन्म झाला. त्याच्या दीड महिना आधी, २ फेब्रुवारीला, तार्तूच्या तहाने सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. आईवडील एस्टोनियन. कुटुंब लवकरच टालिनला परतलं. वडील कार्ल ओट्स 'एस्टोनिया' नाट्यगृहात टेनर, म्हणजे उंच पट्टीचे गायक, होते. हे नाट्यगृह १९१३मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलं. छोट्या देशाने झारच्या राजवटीत, पदरचे पैसे घालून, आपल्या भाषेच्या नाटकासाठी आणि गाण्यासाठी बांधलेली ती वास्तू. मुलगा त्या वास्तूच्या पडद्यामागे वाढला, पण गायक व्हायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याचा जीव पोहण्यात होता. देशातल्या चांगल्या जलतरणपटूंत त्याची गणना होई. शिक्षणाचा कल वास्तुशास्त्राकडे होता.

१९४० साली सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळला. पुढच्या उन्हाळ्यात जर्मन फौजा आल्या, तेव्हा हजारो एस्टोनियन तरुणांना लाल सैन्यात भरती करून समुद्रमार्गे रशियाकडे हलवण्यात आलं. ओट्स ज्या जहाजावर होते त्यावर बाँब पडले. फिनलंडच्या आखाताच्या पाण्यात ते पोहत राहिले, आणि शेवटी त्यांना पाण्यातून वर काढलं गेलं. त्या ऑगस्टमध्ये त्याच आखातात सुरुंगांनी आणि बाँबहल्ल्यांनी डझनावारी जहाजं बुडाली आणि माणसं हजारोंनी गेली. वाचलेल्यांपैकी एकाला पोहता येत होतं. मला त्यांच्या चरित्रातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. पुढचं सगळं गाणं या पोहण्यातून शिल्लक राहिलेलं आहे.

भरती झालेल्या एस्टोनियनांवर सोव्हिएत अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. त्यांना बंदुका मिळाल्या नाहीत, कामकरी तुकड्यांत धाडलं गेलं. १९४१–४२च्या हिवाळ्यात तिथे उपासमारीने आणि थंडीने अनेक जण गेले. मग १९४२मध्ये व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्ल शहरात एस्टोनियन कलापथकं उभी राहिली. विखुरलेले गायक, वादक, नट तिथे गोळा केले गेले. पुरुषांच्या समूहगानाची धुरा गुस्ताव एर्नेसाक्स यांच्याकडे होती. ओट्स तिथे आले ते कोरसमधला एक आवाज म्हणून.

एस्टोनियात समूहगान ही हौस नाही. १८६९मध्ये तार्तूला पहिला गीतमहोत्सव झाला, तेव्हापासून हजारो माणसांनी एकत्र उभं राहून आपल्या भाषेत गाणं हीच त्या लोकांची आपण आहोत हे सांगायची रीत आहे. याच एर्नेसाक्स यांनी १९४४मध्ये लिडिया कोइदुला या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीच्या मातृभूमीवरच्या कवितेला चाल दिली. पुढे राष्ट्रगीत गायची बंदी असताना लोक ते गाणं राष्ट्रगीताच्या जागी उभं राहून गात. ओट्स यांचा गळा अशा माणसाच्या हाताखाली, परक्या शहरात, उपाशीपोटी, साडेपाचशे मैलांवरच्या घराची वाट बघत तयार झाला. ऑपेराचा गायक सहसा एकट्याने चमकायला शिकतो. ओट्स आधी चाळीस जणांत मिसळायला शिकले. त्यांचा आवाज कधी अंगावर येत नाही, शेजारी येऊन बसतो. त्याचं मूळ मी इथे शोधतो.

१९४४च्या शरद ऋतूत ते टालिनला परतले. ९ मार्चच्या सोव्हिएत बाँबहल्ल्यात वडिलांचं नाट्यगृह जळालं होतं. नव्याने बांधून ते १९४७मध्ये उघडलं. त्या अधल्यामधल्या दिवसांत त्यांनी कोरसमध्ये उभं राहून सुरुवात केली. पहिली एकल भूमिका 'येवगेनी अनेगिन'मधलीच, पण अगदी लहान, झारेत्स्कीची. द्वंद्वयुद्धात लेन्स्कीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहणारा माणूस. चार ओळी गायच्या आणि बाजूला व्हायचं. तिथून अनेगिनपर्यंत पोचायला त्यांना काही वर्षं लागली. मधल्या काळात टालिनच्या संगीत महाविद्यालयात बॅरिटोन तीत कूसिक यांच्याकडे शिक्षण चाललं, ते १९५१मध्ये संपलं.

कोर्डीचा उजेड

आता अवघड भाग. ओट्स यांच्यावर प्रेम करणारे बरेच जण तो दोन ओळींत उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही.

त्यांचा पहिला मोठा चित्रपट 'मिस्टर एक्स' नव्हे. तो १९५१चा 'कोर्डीतला उजेड'. हान्स लेबेरेख्त यांच्या कादंबरीवरचा, व्हिएन्नात जन्मलेल्या हेर्बर्ट रापापोर्ट यांनी दिग्दर्शित केलेला, लेनफिल्मचाच. ओट्स त्यात पाउल रुंगे या नायकाच्या भूमिकेत आहेत. युद्धावरून गावी परतलेला तरुण शेतकरी. गावात श्रीमंत शेतकऱ्यांचा अडथळा आहे, जुन्या विचारांची मंडळी कुजबुजत आहेत, आणि पाउल गावाला सामुदायिक शेतीच्या वाटेवर घेऊन जातो. शेवटी सगळे आनंदात. या भूमिकेसाठी ओट्स यांना १९५२मध्ये दुसरं स्टालिन पारितोषिक मिळालं.

चित्रपटाबाहेर काय घडलं होतं? २५ मार्च १९४९पासून काही दिवसांत एस्टोनियातून २०,०००हून जास्त माणसं गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला नेली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्या मार्चच्या मध्यापर्यंत दहा टक्क्यांहूनही कमी शेतकरी सामुदायिक शेतीत सामील झाले होते. रेल्वेगाड्या गेल्यानंतर महिनाभरात हा आकडा निम्म्याच्या पुढे गेला. शेजारच्या घराची दारं सताड उघडी, गोठ्यात गाय हंबरतेय, घरात कोणी नाही. असं बघितल्यावर माणूस अर्जावर सही करतो. पाउल रुंगेच्या हसऱ्या चेहऱ्यामागे ही गावं होती, आणि चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येक एस्टोनियन माणसाला ते ठाऊक होतं.

मग ओट्स यांनी नकार का दिला नाही? असा प्रश्न आपण आरामखुर्चीत बसून सहज विचारतो. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, १९५०मध्ये, एस्टोनियन कम्युनिस्ट पक्षाने 'बूर्ज्वा राष्ट्रवादा'विरुद्ध मोहीम उघडली. तूदुर व्हेत्तिक, आल्फ्रेद कारिंदी आणि रिहो पेत्स या गीतमहोत्सवाच्या तीन प्रमुख संचालकांना अटक झाली. ही माणसं ओट्स यांच्या जगातली होती. काहीच वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर हजारो लोक गात, ती माणसं छावणीत. अशा वर्षी लेनिनग्राडहून भूमिका आली तर 'नको' म्हणायला तोंड कुठलं उघडणार?

हे मी त्यांची बाजू धुऊन काढायला सांगत नाही. भीती खरी होती, पारितोषिकही खरं होतं. स्टालिनच्या नावाची दोन पदकं, मोठं घर, दौरे, १९६०मध्ये सोव्हिएत संघाचा 'जनकलावंत' हा सर्वोच्च किताब, हे सगळं त्यांनी घेतलं. जे सैबेरियात होते त्यांच्या नातलगांनी तो चित्रपट कसा पाहिला असेल, याचा विचार केल्याशिवाय ओट्स यांच्याबद्दल बोलू नये असं मला वाटतं. सुंदर गळा खोट्या गोष्टीला विश्वासार्ह करतो, आणि 'कोर्डी'त नेमकं तेच झालं. भूमिका एखाद्या लाकडी नटाने केली असती तर ती इतकी गळी उतरली नसती.

घुमटाखाली

'मिस्टर एक्स'कडे मी या वाटेने येतो. स्टालिन १९५३मध्ये गेला होता. १९५६पासून छावण्यांतून आणि सैबेरियातून माणसं मोठ्या संख्येने परतू लागली होती. सात वर्षांत हवा बदलली होती.

मूळ कृती हंगेरीत जन्मलेले ज्यू संगीतकार इम्रे काल्मान यांची 'सर्कशीची राजकन्या' ही ऑपेरेटा. पहिला प्रयोग व्हिएन्नात २६ मार्च १९२६ रोजी झाला. ऑपेरेटा म्हणजे ऑपेराची हलकीफुलकी बहीण. गद्य संवाद, मध्ये मध्ये पदं, नाच, विनोदी उपकथानक. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ती ऑपेरापेक्षा लवकर जवळची वाटेल. नाझींनी काल्मान यांचं संगीत बंद केलं आणि त्यांना युरोप सोडून अमेरिकेला जावं लागलं. रशियात मात्र त्यांच्या ऑपेरेटा कधी थांबल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्येही संगीतिकांचं थिएटर उघडं होतं. बाहेर लोक भुकेने पडत होते आणि आत काल्मानचे वॉल्ट्झ वाजत होते. त्या शहराच्या स्टुडिओने काल्मान पडद्यावर आणला, यात मला नुसती करमणुकीची गरज दिसत नाही.

दिग्दर्शक युली ख्मेल्नित्स्की. कथा साधी. उमराव घराण्यातला तरुण प्रेमापायी वारसाहक्क गमावतो आणि मुखवटा चढवून सर्कशीत शिरतो. जिच्यामुळे हे झालं ती थिओडोरा आता धनाढ्य विधवा आहे. तिने झिडकारलेला एक बॅरन सूड म्हणून या सर्कसवाल्याला उमराव म्हणून तिच्यापुढे उभा करतो. तिचं मन बसतं. आणि मग भर मेजवानीत सांगितलं जातं की तुझा नवरा सर्कसवाला आहे.

चित्रपटाचं काळीज म्हणजे नायकाचं पहिलं मोठं पद. रशियन शब्दांचा आशय असा : पुन्हा त्या दिव्यांच्या समुद्रात जायचं, कायम मुखवट्यात राहायचं हे माझं नशीब, होय, मी विदूषक आहे, सर्कसवाला आहे, मग काय झालं?

हे पद जवळून ऐकावं असं आहे. मूळ भूमिका उंच पट्टीच्या टेनरसाठी लिहिलेली. रशियन परंपरेत ती बॅरिटोनकडे आली. पट्टी खाली आली तसा माणूसही बदलला. टेनरच्या गळ्यात ही तक्रार होते. बॅरिटोनच्या गळ्यात तिला वजन येतं, माणूस बराच काळ गप्प राहून आता बोलतोय असं वाटतं. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, खर्जाकडे झुकलेली. ओट्स तिथे आवाज अजिबात मोठा करत नाहीत. शब्द ओठांच्या टोकावर ठेवतात. मग 'होय, मी विदूषक आहे' या ओळीवर सुरावट वर उसळते. बहुतेक गायक इथे छाती काढतात, टाळी घेण्याची ही हक्काची जागा. ओट्स वर जातात, पण स्वर दाबून फोडत नाहीत. तो उघडतो, रुंद होतो आणि ओळीच्या शेवटी मागे घेतला जातो. जणू एवढं बोलायला नको होतं. अपमान गिळलेल्या माणसाचा तोल त्या मागे घेण्यात आहे. संतापाचं पद त्यांनी स्वाभिमानाचं केलं.

आणि मुखवटा. नटाचं निम्मं भांडवल डोळ्यांभोवती असतं. भुवया, कपाळ, पापण्या झाकल्या की उरतात ओठ, जबडा आणि मान. ऑपेराच्या गायकाला हे सोयीचं नसतं, कारण गाताना ओठ-जबडा गाण्याच्या कामाला जुंपलेले असतात. चेहऱ्याचा तेवढाच भाग कॅमेऱ्यासमोर आहे आणि तो वेडावाकडा झालेला चालणार नाही. ओट्स यांचा जबडा सैल, ओठ मोजके हलणारे. म्हणून मुखवट्यातला माणूस गातोय असं वाटत नाही, विचार करतोय असं वाटतं. 'अनेगिन'च्या पडद्यावर गळा आणि चेहरा दोन माणसांत वाटावा लागला. इथे एकाच माणसाने दोन्ही दिलं, आणि प्रेक्षकाला तो फरक न सांगता कळला.

पुढे या भूमिकेत कितीतरी चांगले गायक आले. रशियन श्रोत्याच्या कानात तरीही ओट्सच बसले. जोरापुढे संयम इतका टिकतो हे ऐकून मला दर वेळी बरं वाटतं.

टालिनमध्ये लोकांनी या मुखवट्यात काय पाहिलं याची नोंद माझ्याजवळ नाही, आणि त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. माझ्यापुरतं सांगतो. ज्या माणसाने सात वर्षांपूर्वी उघड्या, हसऱ्या चेहऱ्याने पाउल रुंगे उभा केला, त्याचा 'मुखवट्यात राहायचं हे माझं नशीब' हा स्वर मला नुसत्या सर्कसवाल्याचा म्हणून ऐकता येत नाही. खोटं त्याने चेहरा उघडा ठेवून केलं होतं, आणि खरं बोलला तेव्हा डोळे झाकलेले होते.

लिना, लिन्ना, लिन्न्ना

रशियन पडद्याने दिलेल्या कीर्तीनंतर मॉस्को त्यांना उघडी होती. तिथल्या बल्शोई या मोठ्या ऑपेरागृहात ते पाहुणे म्हणून गायले. देशभर दौरे केले. पण बिऱ्हाड टालिनमध्येच ठेवलं आणि नोकरी 'एस्टोनिया' नाट्यगृहातच. तिथे ते अनेगिन, डीमन, रिगोलेत्तो, डॉन जोव्हान्नी, पापागेनो, इयागो एस्टोनियन भाषेत गात राहिले. त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय मला कुठल्याही पदकापेक्षा मोठा वाटतो, कारण तो एकदाच घ्यायचा नव्हता, दर मोसमात घ्यायचा होता.

त्याचं मोल कळण्यासाठी भाषेविषयी थोडं सांगायला हवं. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन भेद. एस्टोनियनमध्ये तीन : ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. 'लिना' म्हणजे जवस, ज्याच्या धाग्याचं कापड होतं ते. 'न' थोडा लांबवला की 'लिन्ना' म्हणजे 'शहराचं'. आणखी लांबवला की 'शहराकडे'. शेवटच्या दोघांचं लेखन एकच, फरक फक्त कानाला कळतो. शब्दाचा आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर. रशियनचं उलट : आघात शब्दागणिक फिरता, आणि आघात नसलेले स्वर पुसट होऊन जातात. गाताना चालीने हे मोजमाप मोडलं तर एस्टोनियन कानाला ते बोचतं. ओट्स यांच्या एस्टोनियन ध्वनिमुद्रिका ऐका : लांबलेला स्वर आणि लांबलेलं व्यंजन यांतला फरक ते तालाला धक्का न लावता सांभाळतात. भाषा येत नसलेल्या मलाही शब्द कुठे सुरू झाला ते कळतं.

'सारेमा वॉल्ट्झ' हे त्यांचं घरोघरी पोचलेलं गाणं. चाल राइमोंद वाल्ग्रे यांची, शब्द देबोरा वारांदी यांच्या कवितेतले. कविता सारेमा बेटावरच्या ल्योने इथल्या दलदलीत गावकऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या कामाची. थोडक्यात, तीही त्या काळच्या सरकारी उत्साहातून आलेली. पण वाल्ग्रे यांनी त्यातली रात्र तेवढी उचलली : उत्तरेकडची, पुरता अंधार न होणारी उन्हाळी रात्र, कापलेल्या गवताचा वास, आणि जवसाच्या धाग्यासारखे पिवळे केस असलेली मुलगी. 'लिनालाक्क', म्हणजे जवसकेशी. तीच 'लिना' इथे पुन्हा भेटते. वाल्ग्रे स्वतः नाचगाण्यांचा राजा, पण युद्धानंतर त्यांची गाणी 'पाश्चात्त्य' म्हणून बाजूला टाकली गेली. ३१ डिसेंबर १९४९ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, जिन्यावरून पडून ते गेले. त्यांच्या पश्चात हे गाणं ओट्स यांच्या गळ्याने जगभर नेलं.

रशियन श्रोत्यांना हे एस्टोनियाचं गाणं म्हणून माहीत झालं, फिनलंडच्या श्रोत्यांना फिनिश शब्दांत. फिनिश आणि एस्टोनियन या सख्ख्या नसल्या तरी जवळच्या बहिणी. टालिन आणि हेलसिंकी यांत फक्त ८० किलोमीटर समुद्र, पण युद्धानंतर वीस वर्षं तो समुद्र बंद होता. १९४४मध्ये जर्मन फौजा गेल्या आणि सोव्हिएत परतल्या, त्या शरद ऋतूत सत्तर हजारांच्या आसपास माणसं समुद्रापलीकडे, स्वीडनकडे आणि जर्मनीकडे, निघून गेली होती. दारं पुन्हा उघडली ती १९६४च्या मार्चमध्ये फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन टालिन-तार्तूला आल्यानंतर. त्यांनी तार्तू विद्यापीठात भाषण एस्टोनियनमधून केलं. १९६५मध्ये जहाजाची फेरी सुरू झाली.

ओट्स या बंद समुद्रावरून फिनलंडला जाऊन गाणाऱ्या मोजक्या माणसांपैकी. एदुआर्द कल्मानोव्हस्की यांचं 'जीवना, तुझ्यावर माझं प्रेम आहे' हे रशियन गाणं त्यांनी फिनिशमध्ये गायलं आणि ते तिथे असं रुजलं की मूळ रशियन आहे हे अनेकांना आठवत नाही. १९४१मध्ये ज्या आखातात ते जिवाच्या आकांताने पोहले होते, त्याच्याच पलीकडच्या काठावर ते हे गात होते. मी हे गाणं त्या पाण्यापासून वेगळं ऐकू शकत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९८०मध्ये, पोलंडच्या श्चेचिन बंदरात बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. 'गेऑर्ग ओट्स' टालिन-हेलसिंकी फेऱ्या करू लागलं. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये तेच जहाज आइसलंडला नेलं : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याशी राजधानी रेक्याविकला बोलणी चालू असताना सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह त्यावर मुक्कामाला होते. २००७मध्ये पेटर सिम यांनी त्यांच्यावर 'गेऑर्ग' हा चित्रपट केला. त्यात ओट्स झाले मार्को मात्वेरे, आजच्या एस्टोनियातला स्वतः गाणारा नट.

चेहरा रंगवण्याची जागा

ओट्स यांना मेंदूचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया होत राहिल्या, मधल्या काळात ते गात राहिले. ५ सप्टेंबर १९७५ रोजी, ५५व्या वर्षी, टालिनमध्ये ते गेले. शहराबाहेरच्या पाइनच्या जंगलातल्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

पण मला थांबायचं आहे ते १९७१पाशी. त्या वर्षी 'एस्टोनिया' नाट्यगृहात 'ला मांचाचा माणूस' हे अमेरिकन संगीत नाटक आलं. प्रमुख भूमिकाही ओट्स यांची आणि दिग्दर्शनही त्यांचंच. काम चालून आलेलं नव्हतं, त्यांनी ते स्वतःहून हाती घेतलं. वयाची पन्नाशी उलटलेली.

नाटक तुरुंगात घडतं. 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस धर्मपीठाच्या चौकशीसाठी पकडला गेला आहे. त्याच्याजवळ एक हस्तलिखित. कोठडीतले कैदी त्याच्यावर आपला खटला चालवतात, आणि बचावात तो त्यांनाच पात्रं वाटून देऊन आपली गोष्ट उभी करतो. इथे नेपथ्यामागे जाऊन रंगून यायचं नसतं. सर्व्हान्तेस सगळ्यांदेखत पेटी उघडतो, दाढी लावतो, भुवया रंगवतो, पाठ वाकवतो. वेडा म्हातारा डॉन किहोते त्याच्या चेहऱ्यावर कैद्यांच्या आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तयार होतो. मग तो पवनचक्क्यांशी लढतो, हरतो, खानावळीतल्या मोलकरणीला राणी म्हणतो.

शेवटी धर्मपीठाचं बोलावणं येतं. वरून जिना खाली सोडला जातो. दाढी-भुवया उतरवलेला सर्व्हान्तेस हस्तलिखित काखेत मारून पायऱ्या चढू लागतो, आणि खाली राहिलेले कैदी त्याचं गाणं उचलतात. त्या सभागृहात, वडिलांच्या रंगमंचावर, ते एस्टोनियनमध्ये गात होते.